ऑइलमध्ये बाटली कशाला ओतायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा भाचा बायकोला मागे बसवून चिपळूणहून कराडला परत येत होता. कुंभार्ली घाटातून त्याचा फोन आला, "मामा, इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काय चढंना." मी विचारले, ऑइल कधी बदललेस? "परवाच. पंपावर एक पोरगा उभा होता, त्याची बाटलीपण ओतलीया वरनं." पुढचे ऐकायची गरज उरली नाही.

मी एस. टी.च्या आगारात एकतीस वर्षे मेकॅनिक होतो. आता दुसऱ्या भाच्याच्या गॅरेजात वेळ घालवतो. ऑइलमध्ये वरून ओतायच्या या औषधांच्या, म्हणजे अ‍ॅडिटिव्हच्या, बाटल्यांचे पीक अलीकडे पंपावर, स्पेअर पार्टच्या दुकानात आणि मोबाइलवर फार माजले आहे. 'इंजिनाचे आयुष्य दुप्पट', 'अ‍ॅव्हरेज वाढणारच' अशी भाषा असते. आपल्या पत्राच्या पुरवणीतही तशी एक जाहिरात पाहिली, म्हणून हा कागद काळा करतो आहे.

भाच्याच्या गाडीचे झाले ते असे. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांत मिळून एकच लिटरभर ऑइल असते. क्लचप्लेटा त्यातच बुडालेल्या असतात आणि त्यांचे कामच मुळी एकमेकींना घट्ट धरायचे. मोटारीसाठी बनवलेले निसरडे औषध त्यात गेले की प्लेटा घसरतात. इंजिन फिरते, चाकाला जोर मिळत नाही. म्हणून तर बाईकच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही जपानी मानकाची खूण छापलेली असते. क्लच घसरणार नाही एवढी पकड त्या ऑइलची तपासलेली आहे, असा त्याचा अर्थ. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच बाहेर कोरडा असतो, तिचे ऑइल 'एमबी'. साडेतीनशेच्या बाटलीपायी भाच्याला दोनदा ऑइल बदलावे लागले आणि नव्या प्लेटा बसवाव्या लागल्या. मजुरी आम्ही घरचीच म्हणून धरली नाही.

मोटारवाल्यांना वाटेल, आपल्याला काय, आपला क्लच कोरडा. त्यांनी हे वाचावे. कंपनीचे ऑइल म्हणजे नुसते तेल नसते. मूळ तेलात कारखान्यातच बऱ्याच गोष्टी मोजून घातलेल्या असतात. काजळी धुणारी द्रव्ये, धुतलेली काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये, फेस मारणारे, गंज रोखणारे, तापल्यावर ऑइल पाण्यासारखे पातळ होऊ न देणारे, आणि धातूवर धातू घासू लागला तर मध्ये थर धरणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग. म्हणजे अ‍ॅडिटिव्ह आधीच आहे, त्याचे पैसेही आपण मोजलेले आहेत. वरून आणखी ओतणे म्हणजे आमटी चाखून न बघताच तिच्यात मीठ टाकणे. फॉस्फरस वाढला की सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो, म्हणूनच नव्या ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा घातलेली असते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळीही असते. ऑइल जळून जी राख उरते ती या जाळीत साचून राहते. म्हणून त्या गाड्यांना कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. बाटलीत काय आहे आणि त्याची राख किती, हे बाटलीवर लिहिलेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

आता हे बाटलीवाले दाखवतात त्या यंत्राच्या खेळाबद्दल. एका कृषी प्रदर्शनात मी तो तासभर उभा राहून पाहिला. छोट्या मोटरवर एक लोखंडी कडे फिरते, खाली वाटीत ऑइल, आणि दांडीला वजने लावून एक रोलर त्या कड्यावर दाबला जातो. साध्या ऑइलवर दोन-तीन वजनांतच किंकाळी फोडून मोटर थांबते. मग तो माणूस चमचाभर औषध टाकतो आणि सगळी वजने लावली तरी कडे फिरत राहते. शेतकरी थक्क. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तिथेच ट्रॅक्टरसाठी तीन बाटल्या घेतल्या.

खेळ खोटा नाही, पण तो इंजिनाचा नाही. चालत्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकतच नाही. दाबाने येणाऱ्या ऑइलच्या केसाहून बारीक पापुद्र्यावर तो तरंगतो. लोखंडावर लोखंड रेटून घासायची अशी वेळ क्रँकवर आली, तर ते इंजिन तसेही उतरवायचेच. त्या यंत्रावर जिंकायला क्लोरिनचे संयुग पुरते. दाबाखाली तापले की ते लोखंडावर थर धरते. कपड्यांचे ब्लीच ओतूनही हा खेळ जिंकता येतो, म्हणून कोणी इंजिनात ब्लीच ओतत नाही. हेच क्लोरिन इंजिनातल्या उष्णतेत आणि ओलाव्यात आम्ल बनून बेअरिंगचे तांबे-शिसे खाते.

अमेरिकेत हा धंदा आपल्याहून जुना. 'स्लिक ५०' नावाच्या टेफ्लॉनच्या औषधाची जाहिरात असे की, गाडी सुरू करताना साध्या ऑइलवर इंजिन जवळजवळ उघडे पडते. तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये त्या कंपनीवर कारवाई केली. कमिशनचे म्हणणे असे की, हे दावे खोटे आहेत आणि त्यांना पुरेसा आधार नाही. पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड करून ते दावे सोडले. 'ड्युरा ल्यूब' आणि 'झीमॅक्स' यांनाही पुढे त्याच कमिशनला तोंड द्यावे लागले.

बाटलीचा उपयोग कधीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मी तो स्वतः करून बसलो आहे. भावाची जुनी जीप ऑइल खायची, निळा धूर मारायची. पिस्टनच्या रिंगा संपल्या होत्या. विकायच्या आधी मी तिच्यात एक दाट, मधासारखे औषध ओतले. धूर बसला, टॅपेटचा आवाज दबला, गिऱ्हाईक खूश. महिन्याभरात ते परत दारात उभे राहिले आणि भावाने निम्मे पैसे परत केले. त्या गोष्टीची लाज अजून वाटते. तेव्हापासून जुनी गाडी घेणाऱ्याला मी सांगतो, गेजपट्टीवरचे ऑइल बोटावर घेऊन बघा. जास्तच चिकट, तार धरणारे लागले तर थोडे मागे सरा.

आगारात आम्ही एकाही बसमध्ये बाटली ओतली नाही. ठरलेले ऑइल, ठरलेल्या किलोमीटरला बदली, नवा फिल्टर. एवढ्यावर गाड्या लाखो किलोमीटर पळाल्या. घरच्या गाडीच्या पुस्तकात ऑइलचा ग्रेड आणि बदलीचे अंतर लिहिलेले असते, पण पुस्तक डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही. बाटलीचे साडेतीनशे वाचवले तर बाईकची पुढची ऑइलबदली जवळजवळ निघते.

आपल्याला विनंती एवढीच की, 'अ‍ॅव्हरेज इतके टक्के वाढेल' अशी जाहिरात घेताना चाचणी कोणत्या गाडीवर, किती किलोमीटर झाली, हे विचारावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि पेट्रोल कंपन्यांनी पंपाच्या आवारात या पोरांना उभे राहू देऊ नये. गिऱ्हाइकाला वाटते, पंपावर मिळते म्हणजे कंपनीचेच असणार.

आपला,
एक निवृत्त एस. टी. मेकॅनिक, कराड

ता. क. ऑइल बदलल्यावर रिकामा डबा भंगारात अखंड देऊ नका. खिळ्याने दोन भोके पाडून द्या. तोच डबा भलते ऑइल भरून परत दुकानात येतो.