परराष्ट्रमंत्र्यांना तासगावातून खुले पत्र : शांघायच्या पंगतीत पाहुणे वाढवता, बदल्यात मागता काय?

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली, यांस

सप्रेम नमस्कार.

आपण फार मोठ्या व्यापातले आहात याची जाणीव ठेवून लिहितो आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझा बहुतेक माल बेदाण्याला जातो. गेल्या आठवड्यात शीतगृहात ठेवलेला शेवटचा बेदाणा सौद्याला लावला, तर उन्हाळ्यात ज्या प्रतीला जो दर होता त्यापेक्षा किलोमागे शंभरेक रुपये कमी बोलले गेले. उत्पादन कमी, म्हणजे भाव चढायला हवा. इथे उलटंच. अडत्याला विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "नेपाळवरनं चिनी माल आलाय, मी काय करू?"

त्याच रात्री पुतण्याने बातमी वाचून दाखवली. चीन, रशिया, भारत, पाकिस्तान ज्यात आहेत त्या शांघाय सहकार्य संघटनेत यायला आणखी देश उत्सुक आहेत, अझरबैजानला यायचंय, आर्मेनियाला यायचंय, आणि निर्णय सर्वसहमतीने होत असल्याने भारताचा होकार मोलाचा आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो तो, त्याला असल्या गोष्टींचं वेड. मला मात्र झोप लागली नाही. द्राक्षवाल्याचा शांघायशी संबंध काय, असं आपल्याला वाटेल. तोच सांगण्यासाठी हे पत्र.

या संघटनेचा नकाशा एकदा आमच्या तालुक्यातून बघा, साहेब. चीन, म्हणजे तुर्फानचा बेदाणा. उझबेकिस्तान, म्हणजे समरकंदचा. इराण २०२३ मध्ये पूर्ण सदस्य झाला, तेही भारत अध्यक्ष असताना. तिथला मलायेरचा बेदाणा. अफगाणिस्तान २०१२ मध्ये निरीक्षक झाला, म्हणजे कंदहार. तुर्कस्तान भागीदार, म्हणजे मनिसा आणि इझमीर, बेदाण्याच्या जागतिक बाजाराचे बादशहा. आणि ज्या नेपाळवाटे माल येतोय असं आमचे व्यापारी सांगतात, तोही भागीदार. तुम्हाला त्यात दहशतवादविरोधी सहकार्य दिसत असेल. आम्हाला आमचे सगळे स्पर्धक एका फोटोत दिसतात आणि मधोमध आमचेच प्रतिनिधी हसत उभे असतात.

या संघटनेत आयात शुल्काच्या सवलतीचा करार नाही, हे मला ठाऊक आहे. बेदाणा स्वस्त होण्याचं खापर मी थेट तिच्यावर फोडत नाही. पण कुणाला सदस्य करून घेतलं की मागाहून काय येतं, हे आम्ही एकदा भोगलंय. २००७ साली दिल्लीतच अफगाणिस्तानला सार्कचा आठवा सदस्य करून घेतलं. चांगली गोष्ट होती, गरीब शेजारी आहे, माझी ना नाही. त्यांच्या सुक्या मेव्याला त्याआधीच सवलती होत्या, २०११ नंतर अल्पविकसित देश म्हणून शुल्क जवळजवळ शून्यावर आलं. दिल्लीने मन मोठं केलं, त्याची किंमत सांगली-सोलापूरने मोजली. त्या वेळी आमच्यापैकी कुणाला विचारलं होतं? आणि ज्या सार्कसाठी हे केलं, तिची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर आजतागायत झालेली नाही. संघटना बंद पडली, सवलत चालू राहिली.

आता चीन. २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्यांच्याशी आपली व्यापार तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. याचे रुपये किती होतात ते माझ्या कॅल्क्युलेटरवर बसत नाही. यात नेपाळवरून कागद बदलून आलेला बेदाणा तर मोजलेलाही नसणार. नेपाळात द्राक्षाच्या बागा किती आहेत हो? सीमेवर बसलेल्या एका तरी साहेबाला हा प्रश्न पडायला हवा होता की नाही? बागायतदारांनी निवेदनं दिली, पुढाऱ्यांनी ती हातात धरून फोटो काढले. बेदाणा मात्र येतच राहिला.

दुसरीकडे, जे चीनकडून यायला हवं तेच त्यांनी अडवलं. द्राक्षाला ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, तुमच्या फायलीत त्यांना 'विशेष खते' म्हणत असतील, बहुतांशी चीनमधून येतात. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी भारताचा पुरवठा आवळला. झीरो बावन्न चौतीसची बॅग घ्यायला गेलो तर दुकानदार आधी "नाहीच" म्हणाला, मग भाव सांगितला, मग "उधार जमणार नाही" म्हणाला. त्याच वर्षी मे महिन्यात असा पाऊस कोसळला की उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काड्यांना घड धरायला लागणारं ऊन मिळालं नाही आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घड शोधावे लागले. एकरी खर्च लाखांत, सोसायटीचं कर्ज, वर बँकेचं, त्याच्यावर सोनं गहाण. बायकोने एकदाही विचारलं नाही की मंगळसूत्र कधी सोडवणार, आणि त्या न विचारण्यानेच माणूस जास्त खचतो. पंचनाम्याला आलेल्या माणसाने बांधावरून फोटो काढला आणि "पाने हिरवी आहेत" असं लिहिलं. पानं विकायची असतात का?

ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले, खतांची अडचण सोडवू असा शब्द दिल्याच्या बातम्या आल्या. मग तुम्ही सगळे संघटनेच्या शिखर परिषदेला चीनमध्ये थियानजिनला गेलात. म्हणजे बोलल्यावर होतं, हे सिद्ध झालं. मग बेदाण्याचं का बोलला नाहीत?

इराणचं आणखी वेगळं. आमच्या सांगलीची हळद इराणला जाते, जुना बाजार आहे. माझा मेहुणा त्यात आहे. २०२३ ला इराण सदस्य झाला तेव्हा एका मेळाव्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की आता पेमेंटची कटकट संपली, मुंबईहून बंदर अब्बास, तिथून रेल्वेने थेट रशिया, आणि आपण सगळे एका घरातले. टाळ्या आम्हीच वाजवल्या. प्रत्यक्षात अमेरिकेच्या धाकाने मेहुण्याची बँक इराणचं नाव ऐकताच कागद परत सरकवते. २०१९ ला आपण त्यांचं तेल घेणं थांबवलं आणि रुपयांत हिशेब चुकवायची सोयही आटत गेली. त्यांचा माल आमच्या बाजाराची वाट शोधतो, आमच्या हळदीचे पैसे दुबईत वाट चुकतात. भारतातून इराणमार्गे रशियाला जाणाऱ्या ज्या उत्तर-दक्षिण मार्गाचा करार २००० साली झाला, त्यातला इराणमधला रश्त ते अस्तारा हा १६२ किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा अजून जोडला जायचाय. चाबहार बंदराचं तर मी २००३ पासून ऐकतोय. २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार झाला, सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत काढली, मग सहा महिने वाढवून दिली. बंदर इराणचं, पैसा आपला आणि तारीख वॉशिंग्टनची.

पाकिस्तानबद्दल लिहायला घेतलं तर कागद पुरायचा नाही. २०१७ ला आस्तानामध्ये आपण आणि ते एकाच दिवशी सदस्य झालो. ज्या मध्य आशियाच्या बाजारासाठी हा खटाटोप, तिथला सरळ रस्ता वाघ्यावरून जातो आणि तो त्यांनी व्यापारासाठी आपल्या मालाला दिला नाही. अफगाणी ट्रक पलीकडून अटारीपर्यंत येऊ शकत होते, आपले पलीकडे जाऊ शकत नव्हते. म्हणजे बेदाणा आत यायचा आणि इकडून काहीही बाहेर जायचं नाही. पहलगामनंतर आपण अटारी बंद केलं, बरोबर केलं. पुढच्याच महिन्यात सुका मेवा भरलेले १६० अफगाणी ट्रक खास बाब म्हणून आत घेतले. मैत्रीसाठी, समजू शकतो. खास बाब म्हणून कधी आमचंही नाव निघेल का, एवढंच विचारायचंय. बांध कोरणाऱ्या भावकीच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसवायचं, आणि वर आम्हालाच सांगायचं की पंगत मोठी झाली, आनंद माना!

बरं, जेवताना तरी आपला आवाज निघतो का? जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला, संघटनेने निषेधाचं पत्रक काढलं, आपण म्हणालो की आमचा त्यात सहभाग नाही. सप्टेंबरमध्ये थियानजिनच्या जाहीरनाम्यात तोच निषेध होता, त्याखाली आपण होतो. त्याच जूनमध्ये छिंगदाओला संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत निवेदनात पहलगामचा उल्लेख नव्हता म्हणून आपल्या संरक्षणमंत्र्यांनी सही केली नाही. तेव्हा छाती भरून आली होती, खोटं का बोलू. थियानजिनला पहलगामचा उल्लेख आला. म्हणजे सही अडवली की काम होतं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येतं. या संघटनेत एकाचाही नकार असला तर नवा सदस्य आत येत नाही. म्हणजे प्रत्येक होकाराला किंमत आहे. इराणला होकार दिला, २०२४ मध्ये बेलारूसला दिला. बदल्यात काय घेतलं? पेमेंटची व्यवस्था घेतली? मूळ देशाच्या दाखल्याची कडक तपासणी घेतली? एका तरी शेतमालाला बाजार घेतला? अझरबैजान आत येऊ शकला नाही, तर त्यांच्या अध्यक्षांनी भारताकडे बोट दाखवलं. ते पाकिस्तानची पाठराखण करतात, म्हणून अडवलं असेल तर उत्तमच. नकार वापरता येतो, हे तुम्हाला कळतं. तो फक्त आमच्यासाठी वापरावासा वाटत नाही.

आणि कशाला वाटेल? असले निर्णय संसदेच्या मंजुरीलाही जात नाहीत. आमच्या खासदाराला विचारलं तर तो म्हणतो, हे केंद्राचं. केंद्रातला म्हणतो वाणिज्य खात्याचं, वाणिज्य खातं म्हणणार सीमाशुल्काचं, सीमाशुल्कवाले म्हणणार पुरावा आणा. पुरावा म्हणजे काय, मी नेपाळच्या सीमेवर जाऊन बॉक्स उघडू? मग तुम्ही सगळे पगार कशाचा घेता? शेतकऱ्याने चार किलो द्राक्षं वाळवावीत तेव्हा कुठे एक किलो बेदाणा हातात येतो. पोटॅश, डिपिंग ऑइल, शेडचं भाडं, मजुरी, शीतगृहाचं भाडं, अडत, तोलाई, सगळ्यांचं भागवून उरलं तर माझं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं मी पाहिलंय. चिनी माल सांगलीच्या खोक्यात भरून विकला गेला तर ते प्रमाणपत्र कुणाला चावणार आहे?

पुढची शिखर परिषद बिश्केकला आहे असं पुतण्या सांगतो. तिथे नव्या सदस्यांची गोष्ट निघेल तेव्हा होकाराआधी तीन शब्द बोला: बेदाणा, हळद, खत. चीनकडून लेखी घ्या की तिसऱ्या देशातून वळवलेल्या मालाची माहिती दोन्हीकडचं सीमाशुल्क खातं एकमेकांना देईल. इराणच्या पेमेंटसाठी एक बँक तरी नेमा, जी आमच्या माणसाला खुर्ची देईल. ते जमणार नसेल तर निदान जाहीर सांगा की आम्ही पाहुणे फुकट जमवतो, म्हणजे पुढच्या मेळाव्यात आम्ही टाळ्या वाजवणार नाही.

उत्तर आलं तर आनंद आहे. पत्ता मुद्दाम लिहीत नाही. कर्जाची नोटीस घेऊन येणाऱ्यांना तो दर वेळी बरोबर सापडतो, आपल्या खात्यालाही सापडेल.

आपला,
एक बेदाणा उत्पादक
तासगाव तालुका, जि. सांगली