दोनशे तास, पण कसले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या गावागावांत हल्ली वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिराती पोहोचतात. चिपीचे विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाले, पुढे बांद्यापलीकडे मोपाही सुरू झाले, आणि आपल्या मुलांना हे क्षेत्र आवाक्यातले वाटू लागले, याचा आनंदच आहे. मात्र ‘दोनशे तास पूर्ण करा आणि थेट खासगी जेटच्या कॉकपिटमध्ये बसा’ अशा अर्थाच्या आश्वासनावर विसंबून आंब्याची कलमे तारण ठेवणारे पालक मला भेटू लागले आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र. मी बरीच वर्षे उद्योगसमूहांची लहान जेट विमाने चालवली असून सहवैमानिक निवडणाऱ्या मुलाखतींतही बसलो आहे.

डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी 100 तास विमानाचा ताबा स्वतःकडे असावा लागतो, 20 तास दूरच्या विमानतळांपर्यंतचे असावे लागतात, आणि त्यातले एक उड्डाण किमान 300 सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले हवे. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे मात्र 10 तास पुरतात, त्यातलेही निम्मे सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे तर 5 तासच. हा परवान्याचा उंबरठा आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण खासगी जेटचे काम नेमके रात्री, ढगांत आणि अनोळखी विमानतळांवर चालते. म्हणजे जे पुढे रोज करायचे, तेच या दोनशे तासांत सर्वांत कमी केलेले असते.

मुलाखत घेणारा लॉगबुकातली, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीतली, शेवटची बेरीज सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो मधले रकाने वाचतो. निघालेले विमानतळ आणि उतरलेले विमानतळ पानामागून पान एकच आहे का, जून ते सप्टेंबर कोरे आहेत का, स्वतःच्या ताब्यातले सगळे तास सकाळच्या शांत हवेतले आहेत का, हे दोन मिनिटांत कळते. एखाद्या पानावरची प्रत्येक नोंद बरोबर एक तासाची असेल, तर ते पान बहुधा टेबलावर बसून भरलेले असते, कारण खरे उड्डाण पन्नास मिनिटांत संपते नाहीतर तास ओलांडून सात मिनिटे जाते. पेनाने उडवलेल्या अशा तासांची आणि बनावट गुणपत्रिकांची प्रकरणे 2011 मध्ये उघडकीस आली, तेव्हा काही वैमानिकांना तुरुंग पाहावा लागला. आपल्याकडच्या तांडेलांना हे वेगळे सांगायला नको: खाडीतच शंभर फेऱ्या मारलेल्या खलाशाच्या हाती नारळी पौर्णिमेनंतर खोल समुद्रातली नौका कोणी देत नाही.

उलट, नुसते तास वाढले म्हणजे दर्जा आपोआप येतो, असेही नाही. 31 मे 2014 रोजी अमेरिकेत बेडफर्ड येथे एक गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीच्या टोकाला घसरून पेटले आणि विमानातील सातही जण दगावले. दोन्ही वैमानिकांच्या नावावर हजारो तास होते आणि दोघे वर्षानुवर्षे एकत्र उडत होते. उभ्या विमानाची नियंत्रणे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. नियंत्रणे सर्व दिशांना हलवून पाहण्याची, काही सेकंदांची तपासणी केली असती तर ते जागीच लक्षात आले असते. चौकशीत आढळले की आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के उड्डाणांत ही तपासणी पूर्ण केलेलीच नव्हती. खासगी विमानात तेच दोघे, तोच मालक आणि तेच विमान असते, चूक दाखवणारे तिसरे कोणी नसते; म्हणून सवय लागते ती अशी.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या माणसाचा. 29 मार्च 2001 रोजी अमेरिकेतच अ‍ॅस्पेन येथे भाड्याने घेतलेले गल्फस्ट्रीम संध्याकाळी बर्फवृष्टीत उतरताना कोसळून 18 जण ठार झाले. विमान उशिरा निघाले होते, त्या विमानतळावर रात्री उतरण्यास बंदी होती, आणि तिथेच उतरावे असा भाडेकरूचा दबाव होता, या गोष्टी तपास अहवालाने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत नोंदवल्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर जुलैत समुद्रावरून सर येते तेव्हा समोरची धावपट्टी काही क्षणांत दिसेनाशी होते. 120 नॉट वेगाने उतरणारे विमान मिनिटाला दोन सागरी मैल तोडते. अशा वेळी मालकाची बैठक चुकली तरी चालेल असे ठरवून पुन्हा वर जायचे, हा निर्णय पूर्वी कधी एकट्याने घेतलेला असेल तरच तो वेळेवर सुचतो. माझ्या मते स्वतःच्या ताब्यातल्या तासांचे खरे मोल यातच आहे.

असे तास मिळवण्याचा मार्ग लांबचा आहे. परवान्यानंतर प्रशिक्षक होऊन दोन-तीन वर्षे नवशिक्यांच्या चुका सावरणे, दोन इंजिनांच्या विमानावर हात बसवणे, किंग एअरसारख्या टर्बोप्रॉपवर (पंख्याच्या लहान विमानावर) किंवा हवाई रुग्णवाहिकेवर सहवैमानिक म्हणून रात्री-बेरात्री उडणे, हे सारे त्यात येते. वरिष्ठ परवान्यासाठी 1500 तास लागतात. तिथवर पोहोचताना किती ऋतू आणि किती विमानतळ पाहिले, यावर पुढची नोकरी ठरते. जेटचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, घाईने विकत घेणाऱ्यांविषयी मला सहानुभूती आहे, पण त्या विमानावरचे प्रत्यक्ष तास नसतील तर विमा कंपनीच आडवी येते. (इंधन, वजनाचा हिशेब, पार्किंगची परवानगी, प्रवाशांचे जेवण हे बहुतेक वेळा वैमानिकच पाहतो, हे जाहिरातीत कधी नसते.)

म्हणून पालकांनी पैसे भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन एखाद्या नुकत्याच उत्तीर्ण मुलाचे लॉगबुक पाहायला मागावे, आणि पावसाळ्यात तिथली विमाने किती दिवस उडतात ते विचारावे. टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजावे.

शासनाला एक सुचवावेसे वाटते. चिपीच्या सड्यावरची 2,500 मीटरची धावपट्टी दिवसाचा बराच वेळ मोकळी असते. बारामती, धुळे, गोंदिया येथील प्रशिक्षणार्थींना दूरच्या उड्डाणांसाठी ती ठरावीक वेळात, इंधनाच्या सोयीसह उपलब्ध करून दिली, तर घाट ओलांडून किनाऱ्याच्या हवेत उतरण्याचा सराव राज्यातच होईल. पुढे इथल्याच मुलांना इथेच प्रशिक्षकाची कामे मिळू शकतील. विमानतळ चालवणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी याचा विचार करावा, आणि आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत परवान्यानंतरच्या या टप्प्याची माहिती एकदा सविस्तर छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैमानिक, वेंगुर्ले