मंत्रीमहोदय, दर्यात घोडा गेला नव्हता

माननीय मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या कार्यक्रमात तुम्ही शब्द दिला होतात, की मी टेप केलेल्या मच्छीमार बायकांच्या मुलाखती इथल्याच मुली ऐकून उतरवून काढतील आणि त्यांना त्याचं मानधन मिळेल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. मी शिकवून तयार केलेल्या नऊ मुली अजून वाट बघतायत. काम मात्र उरकलं, ते एआयने केलं. परवा त्या मुलाखतींच्या अहवालाचा मसुदा हाती आला.

पान 41 बघा. मालवणजवळच्या देवबागची एक बाई मला सांगते, "माझो घोव दर्यात गेलो, तो परत इलोच नाय." नोव्हेंबर 2009, फयान वादळ. घोव म्हणजे नवरा, हे मालवणच्या बाजारात कुणीही सांगेल. अहवालात छापलंय, "माझा घोडा. दर्यात गेलो, तो परत आलोच नाही." मालवणीत 'तो गेलो' म्हणतात, प्रमाण मराठीत 'गेलो' म्हणजे मी. त्यामुळे बाईच दर्यात बुडाली आणि नवऱ्याचा घोडा झाला. खाली निष्कर्ष आहे : 'जनावरांचे नुकसान'. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आम्ही घोडे जुंपतो असं वाटलं की काय?

पण मला झोंबलं ते पुढचं. एवढं बोलून ती गप्प झाली होती. टेपवर अर्धा-पाऊण मिनिट नुसती गाज आहे. त्या जागी छापलंय, "शासनाची मदत वेळेवर मिळाली." ती असं बोललेली नाही. मी समोर बसले होते.

यंत्र कोणतं वापरलं, हे अहवालात लिहायची तसदीही कुणी घेतलेली नाही. एवढं माहीत आहे, की बोलणं ऐकून लिहून काढणारं ओपनएआयचं व्हिस्पर 2022 साली आलं ते 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकून. 2024 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा शंभरात साधारण एका तुकड्यात कुणी न उच्चारलेली अख्खी वाक्यं निघाली. बोलणारा मधे जास्त थांबत असेल तर हे जास्त होतं. आमच्या बायका थांबतातच, साहेब. नवरा गेल्याचं सांगताना कोण घडाघडा बोलतं?

एका तासाची टेप उतरवायला मला सहा-सात तास लागतात. वेळखाऊ आहे, मान्य. पण मी बारा वर्षं तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतेय. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, गणपतीला उसनवारी. रेकॉर्डर माझा, एसटीचं तिकीट माझं, पावसात भिजून गेलेला गुडघा माझा. घरचे विचारतात, ह्या टेपांतून मिळतं काय? आता सांगू शकते, घोडा मिळाला.

इंग्रजांचा अधिकारी ग्रिअर्सन. त्याने भाषांच्या पाहणीचा मराठी-कोकणीचा खंड 1905 साली छापला, त्यात कुडाळी, म्हणजे आमची मालवणीसुद्धा आहे. घर सोडून गेलेल्या मुलाची एकच गोष्ट त्याने बोलीबोलीत करवून घेतली, ती बोली जाणणाऱ्या माणसांकडून. तेव्हा वीज नव्हती इथे. आणि तुम्ही 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली म्हणून पेढे वाटलेत! अभिजात कुणाची? देवबागची बाई त्यात येते का?

परदेशात तर आता माणसांऐवजी यंत्राकडूनच प्रश्नावल्या भरून घेऊन बघतायत. तुम्हाला आवडेल. 2021 ची जनगणना 2021 मध्ये झालीच नाही. पुढच्या वेळी गावात यायचीही गरज नाही, यंत्राला विचारायचं 'कोकणी माणूस समाधानी आहे का' आणि 'व्हय म्हाराजा' छापून मोकळं. प्राध्यापक भरायचे नाहीत, गावात जायचं नाही, पण धोरण मात्र 'संशोधनावर आधारित'. निधी यंत्राला, आवाज आमचे, आणि नाव मुंबईतल्या कुठल्याशा संस्थेचं.

एआय नको असं मी म्हणत नाही. पहिला कच्चा मसुदा त्याने काढावा, माझे दोन तास वाचतील. पण टेप ऐकत ओळन् ओळ दुरुस्त करायला मालवणी जाणणारं माणूस हवं, त्याचे पैसे हवेत आणि कुठलं यंत्र वापरलं ते पानावर हवं. अहवाल मागे घ्या. टेपा परत करा, त्या बायकांनी माझ्यावर विश्वासून दिल्यात.

त्या बाईने अहवालाची प्रत मागितलीय. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवणार असं ठरलं होतं. ते मला जमणार नाही. पान 41 तुम्ही येऊन वाचून दाखवा. मालवण स्टँडवर देवबागची एसटी मिळते.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक बाई
मालवण