पक्षी कुठे बसतो ते आधी पाहायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या उघड्यावरच्या पक्षीघरातील फिंच या दाणे टिपणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांनी कडक उन्हाळा आणि त्यामागून आलेला बोचऱ्या वाऱ्याचा हिवाळा सुखरूप काढला, याचे श्रेय आपले आहे. प्रत्यक्ष भेटीत आभार मानलेच आहेत; परंतु उघड्यावर फिंच पाळणाऱ्या इतरांनाही आपण शिकवलेल्या गोष्टी उपयोगी पडाव्यात, आणि त्या कोणी तरी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता शिकवल्या हेही त्यांना कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव आपल्या इच्छेप्रमाणे लिहिलेले नाही.

आराखडा काढण्याआधी आपण जागा पाहायला आलात, तेव्हा खिशात लोकरीचे धागे घेऊन आला होतात. जिथे जिथे दांड्या बसवायचा विचार होता, तिथे त्या उंचीवर आपण एकेक धागा बांधलात आणि वारा सुटण्याची वाट पाहत शांतपणे बसून राहिलात. वारा सुटल्यावर जाळीच्या मध्यावरचे धागे आडवे झाले, यात नवल नव्हते. पण भरीव भिंतीमागचा जो कोपरा सर्वांत सुरक्षित वाटत होता, तिथला धागा गरगर फिरू लागला. भिंतीवर आपटलेला वारा वर उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन खाली उतरतो, हे मला त्या धाग्याने दाखवले. त्याऐवजी वारा येतो त्या बाजूला जाळीपासून थोडे दूर झुडपांची रांग किंवा निम्मी उघडी, निम्मी बंद अशी विणलेली जाळी उभारली, तर वाऱ्याचा जोर गाळून निघतो आणि मागे भोवरा उठत नाही, हे आपण तेव्हाच समजावून सांगितलेत. पुढची सगळी बांधणी त्या धाग्यांवरून ठरली.

वाऱ्याला आपण एवढे महत्त्व का देता, हे हिवाळ्यात पटले. झेब्रा फिंचचे वजन जेमतेम 12 ग्रॅम असते आणि एवढ्याशा जिवाला शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास टिकवावे लागते. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त आणि उष्णता निसटण्याचा वेगही जास्त. पिसे फुगवून पक्षी त्यांत हवा धरून ठेवतो. ती अडकलेली हवा हेच त्याचे पांघरूण. वाऱ्याचा झोत पिसे उचलून तीच हवा काढून नेतो, आणि पिसे भिजलेली असतील तर पांघरूण उरतच नाही. म्हणूनच कोरड्या, निवाऱ्याच्या जागी थंड रात्र सहज सोसणारा पक्षी त्याहून उबदार पण ओल्या, वाऱ्याच्या रात्री दगावू शकतो. लोक थंडी म्हटले की फक्त पारा पाहतात आणि वारा व ओल यांचा विचारच करत नाहीत, ही आपली तक्रार मला आता शंभर टक्के मान्य आहे.

रात्रीच्या निवाऱ्याबद्दल आपण सांगितलेली एक गोष्ट मला कुठेही इतक्या स्पष्टपणे वाचायला मिळाली नव्हती. फिंच रात्री शक्यतो सर्वांत उंच दांडीवर बसतात. उघड्या भागातली दांडी निवाऱ्यातल्या दांडीपेक्षा उंच असेल, तर निवारा कितीही सुरेख बांधला तरी तो रिकामा राहतो आणि पक्षी उघड्यावर कुडकुडतात. आपल्या सांगण्यावरून निवाऱ्याचे छत उंच केले, आतल्या दांड्या बाहेरच्यांपेक्षा वर नेल्या, तीन बाजू बंद केल्या आणि हवा खेळती राहावी म्हणून झरोका दांड्यांच्याही वर ठेवला. झोत अंगावर येऊ द्यायचा नाही, पण कोंदटपणाही होऊ द्यायचा नाही. श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर गेली नाही तर आतली ओलच पक्ष्याला आजारी पाडते. दांड्यांसाठी गुळगुळीत गोल काठ्यांऐवजी कमी-जास्त जाडीच्या नैसर्गिक फांद्या आपण स्वतः निवडून दिल्यात, म्हणजे बसलेल्या पक्ष्याला पोटाच्या पिसांखाली बोटे झाकता येतात.

हिवाळ्याची रात्र लांब असते, ही साधी गोष्टही आपण दाखवून दिल्यावर नीट कळली. फिंच अंधारात खात नाहीत. संध्याकाळी पोटात गेलेल्या दाण्यांवर त्यांना सकाळपर्यंतची ऊब भागवावी लागते, आणि रात्र 14 तासांची झाली की हा साठा अपुरा पडू शकतो. टायमरवर चालणारा मंद दिवा निवाऱ्यात लावून दिवस थोडा वाढवला, आणि दिवा एकदम न विझता हळूहळू मंद होईल अशी सोय केली, म्हणजे दाण्यांपाशी असलेल्या पक्ष्यांना दांडीवर परतायला वेळ मिळतो. राळे-बाजरीच्या जोडीला तेलबियांचे प्रमाण थंडीत किंचित वाढवावे, हेही आपलेच सांगणे. घरटी मात्र थंडीत काढून ठेवली, कारण त्या दिवसांत विणीला लागलेल्या मादीच्या पोटात अंडे अडकण्याचा धोका वाढतो.

हीटरच्या बाबतीत आपण जो आग्रह धरलात, त्याबद्दल विशेष ऋणी आहे. आधी वारा आणि ओल यांचा बंदोबस्त, मग हीटर, हा आपला क्रम होता. गोल्डियन फिंच उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण गवताळ प्रदेशातले. दमट थंडी त्यांना सोसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हीटर ही चैन नव्हे. पण तो थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप बंद-चालू होणाऱ्या यंत्रणेवर चालणारा, जाळीच्या आवरणात बसवलेला आणि धूर किंवा वायू न सोडणारा हवा. काही उष्णता-दिव्यांवर आणि हीटरवर टेफ्लॉनसारखा लेप असतो. तो तापल्यावर निघणाऱ्या वाफा माणसाला जाणवण्याआधी पक्ष्यांचा जीव घेऊ शकतात. आणलेला प्रत्येक दिवा आपण चश्मा लावून, खोक्यावरचा बारीक मजकूर वाचून मगच बसवू दिलात.

आता उन्हाळ्याविषयी. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला पक्षी, त्याला उन्हाचे काय, असे सर्रास म्हटले जाते. त्यावर आपण मला जानेवारी 2009 मधल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील उष्णतेच्या लाटेबद्दल सांगितलेत. पारा 45 अंशांच्या वर गेला आणि हजारो पक्षी मेले. त्यांत बहुतेक झेब्रा फिंच आणि बजरीगर नावाचे छोटे पोपट होते. मोकळ्या रानात सावली आणि पाणी शोधत हिंडू शकणाऱ्या पक्ष्यांची ही गत झाली, तर जाळीत कोंडलेल्यांची सावली आणि पाणी ही सर्वस्वी आपलीच जबाबदारी ठरते. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ते पाण्याची वाफ बाहेर सोडतात आणि तेवढाच गारवा मिळवतात. हवेत आधीच दमटपणा असेल तर हा उपायही लंगडा पडतो. म्हणून पाण्याचे तुषार सोडायचे ते छताच्या एका भागावर आणि वारा वाहता ठेवूनच, बंद जागेत कधीही नाही, हा आपला नियम आजही पाळला जातो.

पत्र्याच्या छतावर हातभर अंतर सोडून सावलीची जाळी ताणायला आपण लावलीत. जाळी पत्र्याला चिकटली की तापलेला पत्रा खालच्या पक्ष्यांवर उष्णता फेकतच राहतो. मध्ये हवा वाहती असेल तर उष्णता वरच्या वर निघून जाते. त्यानंतर आपण कमाल-किमान तापमापक भिंतीवरून काढून सर्वांत वरच्या दांडीशेजारी, सावलीत टांगलात. पक्षी अनुभवतो ते तापमान तिथलेच, आणि दुपारी छताजवळची हवा खालच्या हवेपेक्षा बरीच तापलेली असते. पाण्याची भांडीही सूर्य सरकतो तशी सावलीत राहतील अशा दोन-तीन ठिकाणी ठेवली. भिजवलेले दाणे उन्हाळ्यात लवकर आंबतात, ते वेळेवर उचलावे लागतात.

सर्वांत मोलाचे म्हणजे आपण मला पाहायला शिकवलेत. अंगाला चापून बसवलेली पिसे, शरीरापासून दूर धरलेले पंख आणि उघडी चोच म्हणजे पक्षी उष्णतेशी झगडतो आहे. त्याला सावलीत, हळूहळू गार करायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवायचे नाही. गार पहाटे सगळेच पक्षी फुगून बसतात, त्यात काळजीचे काही नाही. पण दुपारी इतर दाणे टिपत असताना एखादा एकटाच फुगून बसला असेल तर तो आजारी आहे. अशा एका गोल्डियन मादीसाठी आपण रात्री उशिरा फोनवर थांबलात, तिला लहान पिंजऱ्यात 30 अंशांच्या आसपास ऊब द्यायला सांगितलेत, पिंजऱ्याची एक बाजू तुलनेने थंड ठेवायला लावलीत म्हणजे तिला नको असेल तेव्हा सरकता येईल, आणि सकाळी पशुवैद्यांकडे नेण्याचा आग्रह धरलात. ती मादी आज थव्यात आहे.

पक्षी कुठे बसतात याची नोंद मी आता रोज ठेवते. दुपारच्या उन्हात ते पश्चिमेकडची दांडी सोडतात, थंड सकाळी पूर्वेकडच्या कोवळ्या उन्हात येतात आणि जोराच्या वाऱ्यात झुडपांमागे खाली उतरतात. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो तिथे पारदर्शक पत्रा लावण्याचे काम आता हाती घ्यायचे आहे. तो पत्रा उन्हाळ्यात काढता यावा की नुसता उघडता यावा, याबद्दल आपले मत हवे आहे. सवड होईल तेव्हा एकदा येऊन जावे, ही विनंती. धागे बांधून ठेवले आहेत.

आपली नम्र,
एक फिंचपालक