प्रथिने मोडणे म्हणजे केवळ साफसफाई नव्हे

महोदय,

जनुकांच्या नियंत्रणावरील रविवार पुरवणीतला लेख सुबोध होता. पण प्रथिनांच्या विघटनाला त्यात 'पेशीतली साफसफाई' एवढेच म्हटले आहे, ते पटले नाही. हे विघटन जनुकांवरचा अंकुशही आहे.

काही जनुके चालू करणारे 'एचआयएफ-१ अल्फा' हे प्रथिन पाहा. पेशी ते सतत तयार करते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल, तर लगोलग मोडतेही. त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र, त्याचे तुकडे करतो. निम्मे प्रथिन पाचेक मिनिटांत नाहीसे होते. ऑक्सिजन घटला की हे मोडणे थांबते, प्रथिन केंद्रकात साठते आणि तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे जनुक कामाला लागते. उंच पहाडी मुक्कामात तांबड्या पेशी वाढतात, त्या यामुळे. वरवर उधळपट्टी वाटणारी ही रीत मला विलक्षण वाटते, कारण प्रतिसादाची तत्परता तिच्यातूनच येते.

युबिक्विटिनद्वारे होणाऱ्या विघटनाच्या शोधाला २००४ मध्ये रसायनशास्त्राचे, तर ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेवरील संशोधनाला २०१९ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ही पुरवणी आवर्जून वाचतात. पुढील लेखात ही बाजू यावी, ही विनंती.

– जीवशास्त्राची एक शिक्षिका, सातारा