इंजिन उभं दिसलं म्हणून हात घालू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बोटीनं जायची वासोटा किल्ल्याची वाट पावसाळ्यात बंद असते, तेव्हा बामणोली-तापोळ्याकडे बोटींच्या इंजिनांची कामं निघतात. साताऱ्यातल्या सोसायट्या आणि दवाखान्यांनाही जनरेटरची आठवण तेव्हाच होते, कारण लाईट जाण्याचे दिवस तेच. दोन्हीकडे काम करणारी पोरं बऱ्याचदा एकच असतात. मी 26 वर्षं व्यापारी जहाजांवर फिटर होतो, आता मेढ्यात राहतो. या पोरांचं काम बघताना एक गोष्ट सतत खटकते, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे "इंजिन बंद आहे" एवढ्यावर पाना लागतो. जहाजावर तेवढ्यानं कोणी पाना उचलू देत नाही. मोठं इंजिन दाबलेल्या हवेवर सुरू होतं, 30 बारच्या आसपास. काम काढायचं तर त्या हवेचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, सिलिंडरमधला दाब सोडणारे इंडिकेटर कॉक उघडे, इंजिन हळू फिरवायचा टर्निंग गिअर गुंतवलेला, आणि कंट्रोल रूममध्ये पाटी: माणूस आत आहे, सुरू करू नये. पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. सुरुवातीला मला हा सगळा साहेबी थाट वाटायचा. नंतर वाटेनासा झाला.

साताऱ्यातल्या एका इमारतीत माझ्या ओळखीचा मुलगा जनरेटरचा पट्टा बघायला गेला होता. लाईट होती, सेट गप्प उभा होता, त्यानं सरळ पट्ट्याला हात घातला. ए.एम.एफ. पॅनेल मात्र 'ऑटो'वर होतं. या पॅनेलचं कामच असं, की बाहेरची वीज गेली की ते कोणाला न विचारता काही सेकंदांत इंजिन सुरू करतं. त्या दुपारी लाईट गेली. दोन बोटांची पेरं गेली. इमारतीचे सेक्रेटरी त्याला म्हणाले, "अरे, आधी विचारायचं ना!" कोणाला विचारायचं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

खरं तर हात घालण्याआधी पॅनेलचा स्विच 'ऑफ'वर न्यायचा, बॅटरीचा चार्जर बंद करायचा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवायची. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना ती शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला ठिणगी म्हणजे निमंत्रणच. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

बॅटरी काढली तरी डिझेल इंजिन पुरतं मेलेलं नसतं, हे पेट्रोलवर हात बसलेल्यांच्या लक्षात येत नाही. पेट्रोल इंजिनाच्या प्लगची वायर काढली की विषय संपला. डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबून तापलेली हवा आणि डिझेलचा फवारा पुरतो. गरम इंजिन हातानं फिरवताना ते एखादा झटका देऊ शकतं. म्हणून डिझेलचा कॉक बंद करावा, आणि लहान इंजिनाला सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा दांडा असेल तर तो उचलून ठेवावा.

बोटीचं प्रकरण याहून वाईट. पंख्यात जाळं किंवा दोर अडकला की एकजण बुडी मारून सुरी चालवतो आणि वर दुसरा चावीजवळ उभा असतो. वरच्याला खालचा दिसत नाही. पर्यटक घाई करत असतात. मी एकाला म्हटलं, चावी काढून त्या पोराच्या गळ्यात अडकव. तो हसून म्हणाला, "आप्पा, बंदच हाय की इंजिन!" लाइफ जॅकेटबद्दल आता सगळे बोलतात, ते चांगलंच आहे. पण बुडी मारणाऱ्याच्या अंगात जॅकेट नसतं, आणि त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर पंखा असतो.

चालू इंजिनावर करायच्या कामांचं दुखणं निराळं. डिझेलची गळती शोधायला पाइपावरून बोट फिरवायची सवय मोडायला हवी. गाडीच्या टायरात 2 बारच्या आसपास हवा असते. जुन्या पद्धतीच्या इंजेक्टरमध्ये 200 बारच्या आसपास दाब असतो, नव्या कॉमन रेल पद्धतीत 1,500 च्या वर. ती धार डोळ्यांना दिसत नाही आणि कातडी भेदून आत जाते. वर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, आतलं मांस सडत जातं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघावं. लागलंच, तर डॉक्टरांना "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगून ताबडतोब दाखवावं. मलम लावून घरी बसू नये.

बंद खोलीत किंवा बोटीच्या फळ्यांखाली इंजिन चालवून बघताना धूर बाहेर जातोय ना, तेही पाहावं.

आणखी एक, हे सोसायट्यांच्या अध्यक्षांसाठी. बाहेरची लाईन तोडून मगच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच न लावता तो थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी बाहेर जाते. रोहित्रातून ती पुन्हा 11,000 व्होल्टपर्यंत चढू शकते. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनची गत त्या पट्ट्यात हात घालणाऱ्या मुलासारखीच होते, फक्त बोटांवर निभावत नाही.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी स्वतःचं एक कुलूप आणि पाटी द्यावी, असं मला वाटतं. बोट क्लबांनी प्रत्येक बोटीवर कुलूप बसेल असा बॅटरी स्विच लावावा. खर्च एका फेरीच्या भाड्यात निघेल.

मी स्वतः गेल्या महिन्यात एका बोटवाल्याला पितळी कुलूप नेऊन दिलं. परवा गेलो तर ते त्यानं पान्यांच्या पेटीला लावलं होतं. पाने चोरीला जातात म्हणाला.

आपला,
एक निवृत्त फिटर,
मेढा, ता. जावळी, जि. सातारा