सिस्टर, तुम्ही ह्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पत्र चारचौघांत लिहायचंच होतं. जिभेच्या, गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन घरी आलेली माणसं आमच्या निपाणी भागात कमी नाहीत, आणि घरी आणल्यावर पुढं काय करायचं हे त्यांच्या बायकांना कुणी धड सांगत नाही.

आधीच्या दवाखान्यानं ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ लिहून दिली होती : तोंड उघडायचा व्यायाम करणे. कसा, किती, कशासाठी? विचारलं तर "करत राहा". रेडिएशननंतर चावायचे स्नायू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आतून कडक होत जातात, आणि जबडा एकदा आखडला की घासच काय, दात घासायचा ब्रशही आत जात नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही आइस्क्रीमच्या चपट्या काड्या मागवल्यात. एक काडी साधारण 2 मिलिमीटर जाडीची. जेवढ्या सहज बसतील तेवढ्यांची चवड करून दाढांच्या मध्ये सरकवायची, पुढच्या दातांवर जोर द्यायचा नाही, ते हलतात. 30 सेकंद धरायचं, सोडायचं, असं 5 वेळा, आणि दिवसातून 5-6 बैठका. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. तेवढ्या काड्या सोप्या वाटल्या की मगच एक वाढवायची. घाई केली तर स्नायू दुखावतो, सूज येते, आणि मग पेशंट भीतीनं काड्यांना हातच लावत नाही. बहुतेक घरांत व्यायाम इथंच सुटतो. 35 मिलिमीटरपेक्षा कमी तोंड उघडलं तर जबडा आखडला म्हणायचा. घरच्या घरी बघायचं तर पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. आणि तोंड उघडायला लागलं म्हणून व्यायाम थांबवायचा नाही, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत.

गुळण्यांचंही तसंच. उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी, 1 छोटा चमचा मीठ, 1 छोटा चमचा खायचा सोडा, रोज ताजं. दुकानातलं झोंबणारं माउथवॉश नको. जेवणाच्या नळीतून नाचणीची पातळ पेज देताना ती कापडातून गाळायचीच, नाहीतर नळी तुंबते. आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं, आणि पाजल्यावर निदान अर्धा तास पाठीला उशा लावून बसवून ठेवायचं, लगेच आडवं केलं तर ती उलटून छातीत जाऊ शकते.

हे सगळं मोलाचं आहेच. पण मला आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे.

ऑपरेशननंतर ह्यांचं बोलणं अस्पष्ट झालं. तेव्हापासून डॉक्टर असोत, पाहुणे असोत, शेजारी असोत, सगळे ह्यांच्यासमोर मलाच विचारायचे, "जेवतात का? दुखतं का?" माणूस समोर बसलेला, शुद्धीत, सगळं ऐकू येणारा. तुम्ही स्टूल ओढून ह्यांच्यासमोर बसलात, प्रश्न ह्यांना विचारलात आणि उत्तर संपेपर्यंत थांबलात. मी मध्ये बोलायला गेले तर हातानं मला थांबवलंत. तुमची भाषा कन्नड, मराठी मोडकंतोडकं, तरी ह्यांचा शब्द न् शब्द तुम्ही लावून घेतलात. जे कळलं नाही त्यावर उगीच मान डोलावली नाहीत. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवलंत आणि राहिलेलं पुन्हा विचारलंत.

आता घरात तसंच चालतं. टीव्ही बंद करायचा, समोर बसायचं, एका वेळी एकच प्रश्न. ह्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. जीभ आणि ओठ वापरात राहिले तरच बोलणं सुधारतं. बायकोच सगळीकडे बोलायला लागली की माणूस गप्प होत जातो, आणि मग जेवण, व्यायाम, सगळ्यातूनच मन काढून घेतो. माणुसकी म्हणजे फार मोठं काही करावं लागतं असं नाही, सिस्टर. गर्दीच्या ओपीडीत एका माणसाचं म्हणणं संपेपर्यंत थांबणं, एवढंही फार थोड्यांना जमतं.

तुम्ही लाल शाईनं लिहून दिलेल्या दोन गोष्टी इथंही लिहिते, वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडतील. दाढ काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना जबड्याला रेडिएशन झाल्याचं आधी सांगायचं. न सांगता दाढ काढली तर जखम भरून न येता हाड सडू शकतं. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दर 6 ते 12 महिन्यांनी करायची, कारण ती ग्रंथी हळूहळू मंदावू शकते. त्यानं येणारा थकवा आजारपणाचाच आहे असं समजून लोक गप्प बसतात.

पुढच्या तपासणीला आम्ही येऊ तेव्हा काड्या किती झाल्या ते हेच तुम्हाला सांगणार आहेत. मी बाहेर बाकावर बसेन.

तुमची,
एका पेशंटची बायको